ब्रश मोटरची आरसी कार : कमी खर्चात पुरेपूर मजा कशी घ्यायची?

रिमोटवर चालणारी चांगली गाडी घ्यायची म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो, "ब्रशलेसच घ्या, ब्रश मोटर जुनी झाली." मग आपण किंमत बघतो आणि विचार सोडून देतो. नाहीतर एखादी स्वस्त गाडी घेतो, ती पंधरा दिवसांत जळते आणि मग हा छंदच नको वाटायला लागतो.

खरं तर ब्रश मोटरची गाडी शिकायला सोपी, दुरुस्त करायला स्वस्त आणि खेळायला मजेशीर असते. फक्त तिच्या मर्यादा माहीत असायला हव्यात. बहुतेक ब्रश मोटरी वयामुळे मरत नाहीत, तापून मरतात. त्या का तापतात हे कळलं की त्याच पैशात गाडी कितीतरी जास्त दिवस चालते. या लेखात आपण मोटर कशी चालते, आकडे कसे वाचायचे, गाडी कोणती निवडायची आणि ती जपायची कशी, हे सगळं बघू.

खेळणं आणि हॉबी गाडी यात फरक काय?

खेळण्याच्या दुकानातल्या बऱ्याच गाड्यांत सगळं एकाच सर्किट बोर्डवर असतं. बोर्ड गेला की गाडी गेली. वेगही बहुतेक वेळा दोनच, चालू किंवा बंद.

हॉबी गाडीत प्रत्येक भाग वेगळा असतो आणि वेगळा विकत मिळतो.

• ट्रान्समीटर आणि रिसीव्हर : हातातला रिमोट आणि गाडीतला त्याचा जोडीदार. आता बहुतेक सगळे २.४ गीगाहर्ट्झवर चालतात. भारतात या पट्ट्यासाठी वेगळं लायसन्स लागत नाही, आणि चार जण एकत्र खेळले तरी सिग्नल एकमेकांत मिसळत नाहीत.
• सर्वो : पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर.
• ईएससी : वेग नियंत्रित करणारा भाग. ट्रिगर जेवढा दाबाल तेवढीच वीज तो मोटरला देतो.
• मोटर, गिअर आणि बॅटरी.

मधल्या दर्जाच्या काही स्वस्त गाड्यांत रिसीव्हर आणि ईएससी एकाच डब्यात असतात. त्या वाईट नसतात, पण एक भाग बिघडला की दोन्ही बदलावे लागतात. म्हणून घेण्याआधी दुकानदाराला एकच प्रश्न विचारा, "याचे सुटे भाग मिळतात का?" उत्तर गोलमोल आलं तर ती गाडी खेळणं समजूनच घ्या.

ब्रश मोटर चालते कशी?

तुमच्या घरातल्या मिक्सरचा "कार्बन गेला" असं मेकॅनिक म्हणतो ना, तोच हा कार्बन. ड्रिल मशीनमध्येही हाच असतो. आरसी गाडीच्या मोटरचं तत्त्वही तेच आहे.

बाहेरच्या डब्याला आतून दोन कायमचे चुंबक चिकटवलेले असतात. मध्ये तांब्याच्या तारेचे वेढे दिलेलं आर्मेचर फिरतं. फिरणाऱ्या वेढ्यांना वीज पोचवायची कशी? त्यासाठी आर्मेचरच्या दांड्यावर तांब्याच्या पट्ट्यांचा गोल असतो, त्याला कम्युटेटर म्हणतात. त्यावर दोन्ही बाजूंनी कार्बनचे ब्रश स्प्रिंगने दाबून धरलेले असतात. आर्मेचर फिरतं तसा ब्रशखालचा पट्टा बदलतो, वेढ्यांतल्या विजेची दिशा उलटते आणि फिरणं चालू राहतं.

म्हणजे दिशा बदलण्याचं काम मोटर स्वतःच करते. म्हणून तिला दोनच वायर पुरतात आणि ईएससी साधा व स्वस्त असतो. ब्रशलेस मोटरमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक्स करतं. तिथे तीन वायर येतात आणि खर्च वाढतो.

याची किंमत म्हणजे घर्षण. ब्रश झिजतात, ठिणगी पडते, कार्बनची काळी भुकटी साचते. ब्रशलेसमध्ये हा प्रकारच नाही. पण हे झिजणं हळूहळू होतं. अचानक मोटर जळते ती उष्णतेमुळे, आणि ती उष्णता बऱ्याचदा आपल्याच चुकीने तयार होते.

३८०, ५४०, ५५० आणि टर्न : आकडे कसे वाचायचे?

३८०, ५४०, ५५० हे मोटरच्या डब्याच्या आकाराचे प्रकार आहेत. ३८० चा व्यास साधारण २८ मिलिमीटर, ५४० चा साधारण ३६ मिलिमीटर. ५५० चा व्यास ५४० एवढाच, फक्त लांबी जास्त. ५४० हा १/१० मापाच्या गाड्यांचा सगळ्यात रुळलेला आकार आहे. जपानच्या तामिया कंपनीच्या कितीतरी किटमध्ये चंदेरी डब्याची ५४० मोटर सोबतच येते.

टर्न किंवा 'टी' म्हणजे आर्मेचरच्या एका दातावर तारेचे किती वेढे आहेत ते.

• १२ ते १५ टर्न : वेग जास्त, विजेची ओढ जास्त, तापणंही जास्त.
• २१ ते २७ टर्न : मध्यम. नव्या माणसासाठी उत्तम. तामियाची चंदेरी मोटर साधारण २७ टर्नची मानली जाते.
• ३५ ते ५५ टर्न : हळू पण दमदार. दगडांवर चढणाऱ्या क्रॉलर गाड्यांसाठी.

म्हणजे आकडा लहान तेवढी गाडी पळणारी. दुकानात नवखा माणूस इथे हमखास फसतो, कारण मोठा आकडा म्हणजे मोठी ताकद असं त्याला वाटतं.

वेग किती मिळेल? साधी आकडेमोड

तामियाची टीटी-०२ ही चारही चाकं फिरवणारी चेसिस घेऊ. किटमधल्या गिअरने मोटर ८.२७ वेळा फिरली की चाक एकदा फिरतं. मोटर मिनिटाला १५,००० फेरे मारते असं धरलं तर चाकाचे फेरे झाले सुमारे १,८१४. टायरचा घेर साधारण २० सेंटिमीटर. म्हणजे मिनिटाला सुमारे ३६३ मीटर, तासाला जवळजवळ २२ किलोमीटर.

कागदावर हे कमी वाटतं. पण गाडी खऱ्या गाडीच्या दहाव्या भागाएवढी आहे, म्हणून डोळ्याला ती दहापट वेगाने गेल्यासारखी दिसते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये २२ चा वेग नवशिक्याला पुरून उरतो. पहिल्या दिवशी भिंतीवर आपटणारच आहे, आणि या वेगात बम्पर तुटतो, अख्खा सस्पेन्शन नाही.

कोणती गाडी निवडायची?

रस्त्यावरची टूरिंग गाडी : गच्ची, बॅडमिंटन कोर्ट, गुळगुळीत पार्किंग असेल तर. किट घेतलं तर गाडी स्वतः जोडावी लागते. वेळ जातो, पण नंतर कुठला स्क्रू कुठे आहे हे विचारावं लागत नाही.

बग्गी : मातीच्या मैदानासाठी. तामियाच्या ग्रासहॉपर आणि हॉर्नेट या १९८४ च्या बग्ग्या पुढे पुन्हा बाजारात आणल्या गेल्या. ग्रासहॉपरमध्ये तर ३८० मोटर असते, तरी लोक ती आवडीने चालवतात. वेगाशिवायही मजा असते याचं हे चांगलं उदाहरण.

शॉर्ट कोर्स ट्रक : ट्रॅक्ससच्या स्लॅशची ब्रश आवृत्ती १२ टर्नच्या ५५० मोटरवर चालते. दणकट आणि वेगवान, पण किंमत वरची.

क्रॉलर आणि ट्रेल ट्रक : ब्रश मोटरचं खरं घर इथे आहे. दगडावरून मुंगीच्या पावलाने गाडी चढवायची असेल तर ब्रश मोटर अगदी कमी वेगातही अडखळत नाही. म्हणून ट्रॅक्ससच्या टीआरएक्स-४ सारख्या महागड्या ट्रकमध्येही २१ टर्नची ब्रश मोटर मिळते. बजेट कमी असेल तर डब्ल्यूपीएल आणि एमएनचे छोटे ट्रक बघा. कोकणातला जांभा, घराजवळची टेकडी, बांधकामावरचा खडीचा ढीग, सगळं मैदानच. आणि वेग कमी असल्यामुळे तोडमोडही कमी.

मोठं मैदान जवळ नसेल, तर माझा सल्ला क्रॉलरचाच.

ईएससी आणि बॅटरी : इथे चुकू नका

ब्रश ईएससीवर किती टर्नपर्यंतची मोटर चालेल ते लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ हॉबीविंगचा क्विकरन १०६० हा लोकप्रिय ब्रश ईएससी दोन सेलच्या लिपो बॅटरीवर १२ टर्न किंवा त्याहून जास्त टर्नची मोटर सांभाळतो. तीन सेल लावले तर मोटर १८ टर्न किंवा जास्त हवी. हा आकडा न बघता मोटर बदलली तर आधी ईएससी जातो.

बॅटरी दोन प्रकारच्या. एनआयएमएचमध्ये प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा, सहा सेल मिळून ७.२ व्होल्ट. जड असते, पण स्वभावाने गरीब. मुलांसाठी हीच बरी. लिपोमध्ये प्रत्येक सेल ३.७ व्होल्टचा, दोन सेल मिळून ७.४ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४. हलकी आणि जोरदार, पण शिस्त मागते :

• सेल ३ व्होल्टच्या खाली कधीच उतरू देऊ नका. ईएससीवर बॅटरीचा प्रकार निवडायचा जम्पर असतो, तो लिपोवर आहे ना ते आधी बघा. नवी बॅटरी पहिल्याच दिवशी फुगते ती बहुतेक वेळा याच चुकीने.
• बॅलन्स चार्जरच वापरा. २,००० एमएएचची बॅटरी असेल तर २ अँपिअरने चार्ज करा.
• चार्जिंग लावून झोपू नका, बाहेर जाऊ नका. गादी, सोफा, पडदा यांपासून लांब, फरशीवर चार्ज करा.
• फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही. लिपोची आग पटकन भडकते आणि सहजासहजी विझत नाही.
• आठवडाभर खेळायचं नसेल तर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा.

किती वेळ चालेल? ३,००० एमएएचची बॅटरी आणि सरासरी १० अँपिअरची ओढ धरली तर १८ मिनिटं. क्रॉलर याच्या दुप्पट-तिप्पट वेळ सहज चालतो.

नवीन मोटरला आधी बसू द्या

नव्या ब्रशचं टोक कम्युटेटरच्या गोलाईला पूर्ण टेकलेलं नसतं. टेकणारी जागा कमी, म्हणून तिथे ठिणगी जास्त. पहिल्याच दिवशी फुल थ्रॉटल दिला तर पट्ट्या खरवडल्या जातात.

यावर उपाय सोपा आहे. गाडी एखाद्या डब्यावर ठेवा, चाकं अधांतरी राहू द्या. ट्रिगर अगदी थोडा दाबून आठ-दहा मिनिटं मोटर हळू फिरवा. मग थंड होऊ द्या. पहिली बॅटरी मैदानातही जपून संपवा. दांड्याच्या दोन्ही टोकांना जिथे बुश असतो तिथे शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब द्या. तेल कम्युटेटरवर जाता कामा नये.

मोटर तापते का?

मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःही उलट दिशेने व्होल्टेज तयार करते आणि त्यामुळे आत येणारी वीज आवरली जाते. चाक अडकलं, मोटर थांबली की हा अडसर नाहीसा होतो आणि वीज धो धो आत येते. ५४० मोटरमध्ये हा करंट काही दहा अँपिअरपर्यंत जातो. काम शून्य आणि सगळ्या विजेची उष्णता! म्हणून सगळ्यात महत्त्वाचा नियम लक्षात ठेवा : गाडी अडकली की ट्रिगर लगेच सोडा. चालत जा, उचला, बाजूला ठेवा.

तापण्याची आणखी कारणं :

पिनियन मोठा लावणं : मोटरच्या दांड्यावरचा छोटा गिअर म्हणजे पिनियन. त्याचे दात वाढवले की वेग वाढतो, पण मोटरवर ओझंही वाढतं. सायकल कायम टॉप गिअरमध्ये चालवल्यासारखं. एका वेळी एकच दात वाढवा, तीन-चार मिनिटं चालवा आणि मोटरला हात लावून बघा. बोट तीन सेकंदही ठेववत नसेल तर दात कमी करा. तापमान मोजायची बंदूक असेल तर ७० ते ८० अंशांच्या वर जाऊ देऊ नका.

उंच गवत : मोकळं मैदान आणि गवत यात मोटरसाठी जमीन-अस्मानाचा फरक आहे. गवतात खेळायचंच असेल तर लहान पिनियन लावा.

लागोपाठ बॅटऱ्या : एक संपली की दुसरी लगेच लावायचा मोह होतो. मध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबा. उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात दुपारी चाळीसच्या वर पारा असताना तर खेळूच नका, संध्याकाळी खेळा.

अडकलेला दोरा : चाकाच्या अ‍ॅक्सलला केस, दोरा, संक्रांतीनंतर तर मांजा गुंडाळला जातो. दर वेळी चाक हाताने फिरवून बघा.

गिअर घट्ट बसवणं : पिनियन आणि मोठा स्पर गिअर यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटरचे स्क्रू आवळा. मग पट्टी फिरवून काढा. जेवढी फट राहील तेवढी बरोबर.

पाऊस, चिखल आणि समुद्रकिनारा

ब्रश मोटर पाणी उडाल्याने लगेच बंद पडत नाही. पण ओली मोटर तशीच कपाटात गेली तर बुश आणि दांडा गंजतात. चिखलातून आल्यावर मोटर साध्या पाण्याने धुवा, झटका, पंख्याखाली वाळवा आणि बुशला तेल द्या. ईएससी आणि रिसीव्हर वॉटरप्रूफ आहेत याची खात्री नसेल तर पाण्यात जाऊच नका.

समुद्रकिनारा मात्र टाळाच. खारं पाणी सगळंच खातं. शिवाय रत्नागिरीकडच्या काही किनाऱ्यांवर काळी, लोहयुक्त वाळू आहे. मोटरमध्ये चुंबक असतात, ते हे कण ओढून घेतात आणि डब्याच्या भोकांतून गेलेली वाळू बाहेर काढणं महाकठीण.

बिघाड ओळखायचा कसा?

• ट्रिगर दाबून गाडी हलत नाही, पण ढकलली की सुटते : ब्रश संपत आलेत किंवा आर्मेचरचा एक वेढा गेलाय.
• मोटर फिरते, चाकं नाही : पिनियनचा छोटा स्क्रू सैल झालाय किंवा गिअरचे दात गेलेत. आधी एलन की घ्या, नवीन मोटर नंतर.
• जळका वास : वेढ्यांवरचं व्हार्निश जळलंय. लगेच थांबा. मोटर पुढे चालली तरी फार दिवस नाही.
• गाडी मध्येच झटके देते, सर्वो थरथरतो : मोटरवरचे कपॅसिटर तुटलेत का बघा. तीन असतात, बहुतेक '१०४' लिहिलेले. एक दोन्ही टोकांमध्ये, आणि प्रत्येक टोकापासून डब्याला एकेक. ठिणगीमुळे रेडिओत होणारा त्रास ते कमी करतात. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची बुधवार पेठ किंवा तुमच्या गावातलं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान, कुठेही हे अगदी किरकोळ पैशात मिळतात. सोल्डर करायला पाच मिनिटं लागतात.
• गाडी उलट्या दिशेने जाते : मोटरच्या दोन वायरींची अदलाबदल करा, झालं.

चंदेरी डब्याच्या बंद मोटरचे ब्रश बदलता येत नाहीत. ती गेली की नवीन लावायची. उघडता येणाऱ्या मोटरचे ब्रश आणि स्प्रिंग वेगळे मिळतात.

खर्चाचं गणित

भारतात या छंदाचा बराचसा माल बाहेरून येतो. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्यामुळे परदेशी व्हिडिओत "स्वस्त" म्हटलेली वस्तू इथे स्वस्त असेलच असं नाही. म्हणून बजेट गाडीवरच संपवू नका. एक जादा मोटर, एक जादा पिनियन, दुसरी बॅटरी आणि चांगला चार्जर यांचे पैसे बाजूला ठेवा. महाग गाडी आणि टुकार चार्जर यापेक्षा साधी गाडी आणि चांगला चार्जर केव्हाही बरा.

मग ब्रशलेसकडे कधी जायचं?

तुम्हाला नियमित शर्यतीत उतरायचं असेल, मोठं मैदान हाताशी असेल आणि गाडी आता हातात पूर्ण बसली असेल, तेव्हा. मोटरसोबत ईएससीही बदलावा लागतो, आणि वाढलेली ताकद गिअर, अ‍ॅक्सल, डिफरन्शियल यांची परीक्षा घेते. म्हणजे खर्च एका भागावर थांबत नाही. "गाडी हळू वाटते" एवढंच कारण असेल, तर आधी हे करून बघा : चार चपला अंतराअंतरावर ठेवा आणि त्यांना न शिवता आठचा आकडा काढत दहा फेऱ्या मारा. मित्राला घड्याळ लावायला सांगा. पहिल्या दिवशी ही गाडी हळू अजिबात वाटणार नाही.

खेळताना एवढं पाळा

चालू करताना आधी ट्रान्समीटर, मग गाडी. बंद करताना आधी गाडी, मग ट्रान्समीटर. नाहीतर गाडी सिग्नलशिवाय पळू शकते. सिग्नल तुटला तर मोटर थांबते का, हे चाकं अधांतरी ठेवून एकदा तपासा. सार्वजनिक रस्त्यावर चालवू नका. दीड-दोन किलोची गाडी २२ च्या वेगाने लहान मुलाच्या पायावर आदळली तर चांगलंच लागतं. कुत्री आणि म्हातारी माणसं यांच्यापासून लांबच बरं.

थोडक्यात सांगायचं तर, २१ ते २७ टर्नची मोटर किंवा क्रॉलर घ्या, ईएससीची मर्यादा वाचा, पिनियन आवरा, अडकली की ट्रिगर सोडा आणि दर बॅटरीनंतर मोटरला हात लावून बघा. एवढं केलं की साधी ५४० मोटरही भरपूर साथ देते. आणि गेलीच, तर दोन स्क्रू आणि दोन वायरी, बदलायला पंधरा मिनिटं. पुढच्या रविवारी गाडी परत मैदानात!